वॉटरमार्क दर वेळी बिघडतो : कधी इवलासा, कधी कापलेला, कधी आडवा

फोटोवर वॉटरमार्क घालणे हे वरवर सोपे वाटणारे, पण प्रत्यक्षात फार हट्टी काम आहे. आपल्या पडद्यावर नाव किंवा लोगो अगदी जागच्या जागी बसलेला असतो. फोटो ऑनलाइन टाकला की मात्र तोच वॉटरमार्क कधी मुंगीएवढा होतो, कधी अर्धा कापला जातो, कधी फोटोच्या कडेने उभा चढलेला दिसतो, तर कधी त्याच्याभोवती पांढरा चौकोन उमटतो. त्यातही वैताग आणणारी गोष्ट अशी, की एकदा दुरुस्ती केल्यावर पुढचे दहा-वीस फोटो व्यवस्थित जातात आणि मग एखाद्या दिवशी तोच दोष पुन्हा डोके वर काढतो. मी बराच काळ याचे खापर सॉफ्टवेअरवर फोडत होतो आणि त्यापायी तीन वेळा सॉफ्टवेअर बदलले. दोष तिन्ही ठिकाणी तसाच येत राहिला, तेव्हा कुठे लक्षात आले की साधन ठीकच होते. मी कामे चुकीच्या क्रमाने करत होतो.

हा क्रम असा असायला हवा : फोटो सरळ करणे, हवा तेवढा कापणे, रंग सुधारणे, ज्या आकारात तो ऑनलाइन जाणार आहे त्या आकाराला लहान करणे, आणि हे सगळे झाल्यावर, त्या अंतिम पिक्सेलांवर वॉटरमार्क घालणे. आपल्यापैकी बहुतेक जण याच्या उलट वागतात. एकदाच काय ते काम उरकावे म्हणून आपण कॅमेऱ्यातल्या मूळ मोठ्या फोटोवर खूण घालतो, तीच फाईल सगळीकडे पाठवतो आणि पुढचे कापणे, लहान करणे, दाबणे (म्हणजे फाईल हलकी करणे) हे त्या त्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर सोपवतो. पुढे दिलेले निम्म्याहून अधिक दोष या एका सवयीतून येतात. उरलेल्यांची कारणे वेगळी आहेत आणि लक्षणांवरून ती ओळखता येतात.

खूण फार लहान किंवा फार मोठी दिसते

चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलांचा असतो. त्यावर ४० पिक्सेल उंचीची अक्षरे घातली, तर पूर्ण मोठा करून पाहताना ती छान वाचता येतात. हाच फोटो १०८० पिक्सेल रुंदीचा झाला, की सगळे काही साडेपाच पटींनी आक्रसते आणि अक्षरांची उंची जेमतेम ७ पिक्सेल उरते. एवढ्या उंचीत रोमन अक्षरे कशीबशी ओळखू येतात. देवनागरीला मात्र शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार या सर्वांसाठी जागा लागते, त्यामुळे तिथे नुसती करडी रेघ दिसते.

याच्या जोडीला दुसरी चूक असते, ती म्हणजे लोगोचा आकार ठरावीक पिक्सेलांत ठेवण्याची. समजा लोगो ६०० पिक्सेल रुंद आहे. ६००० पिक्सेलांच्या फोटोवर तो रुंदीच्या १० टक्के जागा घेतो, फोनच्या ४००० पिक्सेलांच्या फोटोवर १५ टक्के, आणि कुणाचा तरी चेहरा जवळून दिसावा म्हणून कापून १५०० पिक्सेलांवर आणलेल्या फोटोवर तब्बल ४० टक्के. एका गठ्ठ्यात तिन्ही प्रकारचे फोटो असले, तर एका फोटोवर खूण शोधावी लागते आणि दुसऱ्यावर ती फोटोलाच गिळून टाकते. ‘कालपर्यंत नीट चालले होते’ या तक्रारीचे उत्तर बहुधा इथेच असते, कारण कालपर्यंतचे फोटो एकाच कॅमेऱ्यातले होते.

म्हणून आकार नेहमी प्रमाणात ठेवावा, आणि ते प्रमाणही फोटोच्या रुंदीशी न जोडता त्याच्या लहान बाजूशी जोडावे. रुंदीशी जोडले, तर एकाच कॅमेऱ्याच्या आडव्या फोटोवर १० टक्क्यांचा लोगो ६०० पिक्सेलांचा होतो आणि उभ्या फोटोवर ४०० पिक्सेलांचा. लहान बाजू दोन्हींत ४००० पिक्सेलांचीच असल्यामुळे तिच्याशी जोडलेला लोगो दोन्हीकडे सारखा येतो. डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या वॉटरमार्क मॉड्यूलमध्ये हे प्रमाण पूर्ण चित्राशी, मोठ्या बाजूशी की लहान बाजूशी जोडायचे हे निवडता येते. लाइटरूम क्लासिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकार लहान करणे आणि वॉटरमार्क घालणे हे दोन्ही एक्सपोर्टच्या एकाच खिडकीत ठरवता येते, त्यामुळे क्रम आपोआप पाळला जातो. मात्र तिथला वॉटरमार्कचा चौकोन टिचकी मारून निवडलेला आहे की नाही, हे दर वेळी पाहून घ्यावे. ज्या साधनात आकार फक्त पिक्सेलांतच देता येतो, त्यात आधी सगळे फोटो एका मापाचे करून घेणे हा एकच भरवशाचा मार्ग आहे.

खूण कापली जाते

अनेक ठिकाणी फोटोची छोटी प्रतिमा दाखवताना मधला चौकोन ठेवून कडा कापल्या जातात. ६००० बाय ४००० च्या आडव्या फोटोतून मधला चौकोन काढला, तर दोन्ही बाजूंचे १०००-१००० पिक्सेल जातात. कोपऱ्यापासून १०० पिक्सेल आत ठेवलेला ६०० पिक्सेलांचा लोगो म्हणजे कडेपासून एकूण ७०० पिक्सेलांची पट्टी, आणि ती अख्खीच्या अख्खी त्या कापलेल्या भागात येते. अर्धा कापलेला लोगो निदान दिसतो तरी. इथे तर तो होता की नव्हता हेही पाहणाऱ्याला कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत. फोटो कोणत्या आकारात दिसणार हे आधीच ठाऊक असेल, तर तो स्वतःच त्या आकारात कापून मग खूण घालावी. मला हाच अधिक आवडतो, कारण काय कापायचे हे आपण ठरवलेले असते. ते शक्य नसेल, तर खूण मधल्या चौकोनाच्या आत, म्हणजे तीनास दोन प्रमाणाच्या आडव्या फोटोत कडेपासून रुंदीच्या किमान एक षष्ठांश आत ठेवावी. फोटोच्या ऐन मध्यभागी, चेहऱ्यांवरून जाणारी मोठी खूण मी फक्त निवडीसाठी पाठवायच्या कच्च्या प्रतींवर घालतो. लोकांनी पाहावा म्हणून टाकलेल्या फोटोवर तशी खूण घालण्यापेक्षा तो न टाकलेला बरा.

खूण आडवी किंवा उलटी पडते

हा दोष सर्वांत गोंधळात टाकणारा आहे, कारण तो फक्त काही फोटोंवर येतो आणि ते फोटो कॉम्प्युटरवर पाहताना अगदी सरळ दिसतात. कॅमेरा उभा धरला तरी आतला सेन्सर चित्र आपल्या ठरलेल्या आडव्या मांडणीतच वाचतो. फोटो उभा आहे, ही माहिती फाईलमधल्या एक्झिफ नोंदींत (कॅमेरा फोटोसोबत लिहितो त्या माहितीत) ‘ओरिएंटेशन’ या नावाने १ ते ८ पैकी एका आकड्याच्या रूपात लिहिली जाते. १ म्हणजे चित्र आहे तसेच दाखवा, ३ म्हणजे अर्धा फेरा द्या, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा द्या आणि ८ म्हणजे त्याच्या उलट दिशेने पाव फेरा द्या. उरलेले चार आकडे आरशातल्या प्रतिमेसारख्या उलटवलेल्या चित्रांसाठी आहेत आणि ते क्वचितच भेटतात. फोटो दाखवणारे प्रोग्राम हा आकडा वाचून चित्र फिरवतात. वॉटरमार्क घालणारे काही प्रोग्राम मात्र त्याकडे न पाहता आडव्या पिक्सेलांवरच खूण उमटवतात.

नेमके काय बिघडले आहे, हे खुणेच्या जागेवरूनच सांगता येते. खूण उजव्या खालच्या कोपऱ्यात घालायला सांगितलेली असताना ती डाव्या खालच्या कोपऱ्यात गेली असेल आणि अक्षरे वरून खाली वाचावी लागत असतील, तर ओरिएंटेशनचा आकडा ६ होता आणि प्रोग्रामने तो वाचला नाही. ती उजव्या वरच्या कोपऱ्यात असून अक्षरे खालून वर चढत असतील, तर आकडा ८ होता. खूण डाव्या वरच्या कोपऱ्यात डोक्यावर उभी असेल, तर आकडा ३. या तिन्ही प्रसंगी उपाय एकच आहे : खूण घालण्यापूर्वी पिक्सेल खरोखरच फिरवून घ्यावेत आणि ओरिएंटेशनचा आकडा १ करावा. लेखी सूचना देऊन चालवायच्या इमेजमॅजिक या साधनात यासाठी ‘ऑटो-ओरिएंट’ हा पर्याय आहे आणि तो खूण घालण्याच्या सूचनेच्या आधी लिहावा लागतो. नंतर लिहिला तर त्याचा काही उपयोग नाही, कारण तोवर अक्षरे आडव्या चित्रावर चिकटलेली असतात.

याचाच एक भाऊबंद दोष आहे. त्यात खूण फोटोच्या मानाने योग्य जागी असते, पण फोटो आणि खूण दोन्ही मिळून आडवे झोपलेले दिसतात. इथे प्रोग्रामने पिक्सेल फिरवले खरे, पण जुना आकडा तसाच ठेवला, त्यामुळे दाखवणाऱ्या प्रोग्रामने चित्र पुन्हा एकदा फिरवले. फोनमधल्या एचईआयसी या प्रकारच्या फोटो-फाईली जेपेगमध्ये बदलताना हे विशेष घडते, कारण त्या प्रकारात फिरवण्याची सूचना फाईलच्या रचनेतही लिहिलेली असते आणि एक्झिफमध्येही असू शकते. फोटो पुन्हा हाताने फिरवत बसू नये. फक्त आकडा १ केला की काम होते. एक्झिफ नोंदी वाचणाऱ्या-बदलणाऱ्या एक्झिफटूल या साधनाने तो एका फटक्यात अख्ख्या फोल्डरसाठी बदलता येतो, पण आधी प्रत काढून ठेवावी.

पांढरा चौकोन, फाटलेली अक्षरे, विरलेला रंग

लोगोभोवती पांढरा चौकोन येतो तेव्हा लोगोची फाईल बहुधा जेपेग असते. जेपेगमध्ये पारदर्शकता साठवण्याची सोयच नाही. ती पीएनजीमध्ये आहे. फाईलच्या नावाच्या शेवटी पीएनजी असे लिहिल्याने आतले चित्र बदलत नाही, हे सांगायची गरज नसावी, पण मी स्वतः तसे करून पाहिलेले आहे. आणखी एक फसवणूक अशी, की पीएनजी लोगो मेसेजिंग ॲपमधून फोटो म्हणून पाठवला, तर तो बहुधा जेपेग होऊन पलीकडे पोहोचतो आणि पारदर्शक भाग पांढरा किंवा काळा भरला जातो. लोगो नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. पारदर्शकता दाखवणारी राखाडी-पांढरी चौकडी ज्या लोगोत खरोखरच रंगवलेली असते, असेही नमुने भेटतात. गडद फोटोवर ठेवून पाहिल्याशिवाय ते ओळखू येत नाहीत. अक्षरांच्या कडेने बारीक पांढरी किनार दिसत असेल, तर लोगो पांढऱ्या पार्श्वभूमीवरून कापून काढलेला आहे. अशी किनार घासत बसण्यापेक्षा मूळ व्हेक्टर फाईलमधून (पिक्सेलांऐवजी रेषा-आकारांत साठवलेल्या) नवी पारदर्शक पीएनजी काढणे कमी कष्टाचे आहे.

देवनागरी मजकुराचा दोष निराळा असतो. ‘छायाचित्र’ हा शब्द टाइप करावा आणि वॉटरमार्कमध्ये ‘च’ची वेलांटी त्याच्या आधी न येता नंतर यावी, ‘त्र’ फुटून पाय मोडलेला ‘त’ आणि सुटा ‘र’ दिसावा, हा अनुभव अनेकांना आला असेल. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. अक्षरांची जोडणी करणारा भाग त्या प्रोग्राममध्ये नसतो किंवा बंद असतो, हे त्याचे कारण आहे. इमेजमॅजिक आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली चित्रांसाठीची पिलो या दोन्हींत ही जोडणी राक्म नावाच्या लायब्ररीमुळे होते, आणि ती सोबत नसेल तर अक्षरे टाइप केलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडली जातात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा मजकुराचा पर्याय स्वतः निवडावा लागतो. या भानगडीत पडायचे नसेल, तर इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव एकदा नीट टाइप करून, अक्षरांचे आकारांत रूपांतर करून, पारदर्शक पीएनजी काढून ठेवावी आणि मजकुराऐवजी तीच सगळीकडे चित्र म्हणून वापरावी. मी हेच करतो, आणि त्यानंतर वेलांटीने मला त्रास दिलेला नाही.

रंगीत अक्षरे विरतात त्याचे कारण जेपेगच्या दाबण्याच्या पद्धतीत आहे. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातले सूक्ष्म तपशील कमी करते, आणि शिवाय उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती बहुतेक वेळा दोन्ही दिशांनी निम्मी, म्हणजे एकूण एक चतुर्थांश साठवते. निसर्गदृश्यात हे डोळ्यांना जाणवत नाही. निळ्या आभाळावर लाल बारीक अक्षरे असतील, तर मात्र त्यांचा रंग शेजारी सांडतो. पांढऱ्या, काळ्या किंवा राखाडी अक्षरांचा सगळा आकार उजेडाच्या माहितीत असतो, म्हणून ती टिकतात. पांढरी अक्षरे आणि त्यांच्यामागे सौम्य काळी सावली, ही जोडी ढगांवरही वाचता येते आणि रात्रीच्या फोटोवरही. बारीक रेषांचे फॉन्ट टाळावेत. मध्यम जाडीचा साधा फॉन्ट ६० ते ७० टक्के ओपॅसिटीवर (म्हणजे थोडा पारदर्शक ठेवून) मला पुरेसा वाटतो. आणि एकदा खूण घालून जतन केलेली जेपेग पुन्हा उघडून पुन्हा जतन करू नये, कारण दर वेळी ती नव्याने दाबली जाते आणि सर्वांत आधी अक्षरांच्या कडा खराब होतात.

खूण घातल्यावर फोटोच फिका पडला, अशीही तक्रार असते. फोटो ॲडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ या रंगपटलात (रंगांचे आकडे कसे वाचायचे ते ठरवणाऱ्या पद्धतीत) असेल आणि वॉटरमार्कच्या साधनाने फाईलमधली रंगपटलाची नोंद काढून टाकली असेल, तर पाहणारा प्रोग्राम तो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपटलातला समजून दाखवतो आणि रंग मरगळतात. आधी एसआरजीबीमध्ये रूपांतर करावे, मग खूण घालावी. फोनच्या एचडीआर फोटोतली चमक गेली असेल, तर ती साठवणारा जादा थर साधनाने टाकून दिलेला असतो. त्यावर वेगळे साधन वापरणे किंवा चमक सोडून देणे, याखेरीज फारसे काही करता येत नाही.

दोन खुणा एकावर एक

तयार फोटो मूळ फोटोंच्याच फोल्डरमध्ये जतन केले आणि दुसऱ्या दिवशी तोच फोल्डर पुन्हा चालवला, की हे होते. तयार फोटोंसाठी वेगळा फोल्डर ठेवावा आणि मूळ फाईलवर कधीही लिहू नये. जेपेगमध्ये मिसळलेली खूण नंतर निघत नाही, म्हणजे आपल्याला काढायची असते तेव्हा तरी निघत नाही.

आणि नको तेव्हा ती निघते

दर वेळी एकाच जागी, एकाच आकारात, एकाच रूपात घातलेली खूण यंत्राला ओळखणे सोपे जाते. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले, की एकच वॉटरमार्क अनेक फोटोंवर तंतोतंत सारखा असेल, तर ते फोटो एकत्र तपासून त्याचा आकार आणि पारदर्शकता आपोआप काढता येते आणि मग तो सगळ्यांवरून पुसता येतो. फक्त जागा किंवा ओपॅसिटी बदलून फारसा फरक पडला नाही; प्रत्येक फोटोवर खुणेचा आकार किंचित, डोळ्यांना जाणवणारही नाही इतका वाकवला, तेव्हा मात्र पुसल्यावर मागे डाग राहिले. कोपऱ्यातली छोटी खूण तर आजची फोटो दुरुस्त करणारी साधने एकाच फोटोवरूनही सहज मिटवतात. वॉटरमार्ककडून कुलपाची अपेक्षा न ठेवता दारावरच्या पाटीइतकीच ठेवली, तर तो मोठा आणि ओंगळ करण्याचा मोह आवरतो. फोटो कुणी छापून वापरू नये असे वाटत असेल, तर १०८० पिक्सेलांचीच प्रत टाकणे अधिक परिणामकारक आहे. इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या नेहमीच्या मापाने ती जेमतेम साडेतीन इंच रुंद होते.

नाव आणि स्वामित्वाची नोंद फाईलमधल्या एक्झिफ आणि आयपीटीसी या नोंदींच्या रकान्यांतही जरूर भरावी, पण अनेक संकेतस्थळे फोटो घेताना या नोंदी काढून टाकतात, म्हणून त्यांच्यावरच विसंबू नये. उलट बाजूने, काही ठिकाणी त्या तशाच राहतात आणि त्यांच्यासोबत फोटो काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. ते आधी काढून टाकावेत. फाईलच्या आत एक छोटी पूर्वप्रतिमाही दडलेली असते, आणि काही साधने मुख्य चित्रावर खूण घालताना ती बदलायला विसरतात. मग कापून टाकलेला भाग आणि खुणेविना फोटो त्या छोट्या प्रतिमेत तसाच शिल्लक राहतो. एक्झिफटूलने ती पाहताही येते आणि काढूनही टाकता येते.

नवा फोल्डर चालवण्यापूर्वी मी त्यातले चार फोटो वेगळे काढतो : एक आडवा, एक उभा, एक खूप उजळ आणि एक फार कापलेला. त्यांच्यावर खूण घालून ते जिथे टाकायचे तिथे फक्त स्वतःला दिसतील असे टाकतो, तिथून परत उतरवून घेतो आणि उतरवलेली प्रत फोनवर पाहतो, कारण बहुतेक लोक तो फोटो फोनवरच पाहणार असतात. चारही ठीक असतील तर उरलेले चालवतो. एखाद्यात दोष दिसला, तर मूळ फोटो आणि उतरवलेली प्रत शेजारी ठेवून तीन गोष्टी पाहतो : दोन्हींची पिक्सेलांतली लांबी-रुंदी, मूळ फोटोतला ओरिएंटेशनचा आकडा आणि लोगोच्या फाईलचा खरा प्रकार. दुसऱ्या कुणाला मदत मागताना ‘वॉटरमार्क बिघडतो’ एवढेच न लिहिता हीच तीन उत्तरे सोबत दिली, तर उलटसुलट प्रश्नांचे निम्मे हेलपाटे वाचतात.